अप्पांच्या वह्या घेऊन ठाणे ते नेरूळ

माझे सासरे, ज्यांना घरात, चाळीत आणि कारखान्यात सगळेच अप्पा म्हणत, जून २०२५ मध्ये पावसाच्या तोंडावर गेले. त्यानंतर सासूबाई आमच्याकडे नाशिकला राहायला आल्या आणि कळव्याचे घर कुलूपबंद राहिले. ते भाड्याने देण्यापूर्वी आवरणे आवश्यक होते. नाताळच्या सुट्टीत सवड मिळाली, तेव्हा आई (सासूबाईंना मी आई म्हणते), माझा नवरा, सातवीतली लेक आणि मी असे चौघे निघालो. आवराआवरीचे निमित्त खरे असले तरी लेकीचा बेत वेगळा होता. आजोबांनी ज्या मैदानांच्या कडेला बसून धावफलकाच्या वह्या भरल्या, ती ठाण्यातली आणि नव्या मुंबईतली मैदाने तिला त्या वह्या हातात घेऊन पाहायची होती. लेकीचा हट्ट म्हणून होकार दिला खरा; पुढे मात्र आवराआवर बाजूला राहिली आणि त्या वह्याच प्रवासाचा मुख्य विषय होऊन बसल्या.

गुरुवार, २५ डिसेंबर

नाशिकरोडहून सकाळच्या पंचवटीने कल्याणला आलो आणि तेथून धीम्या लोकलने ठाकुर्ली, डोंबिवली, कोपर, दिवा, मुंब्रा अशी स्थानके घेत कळव्याला उतरलो. २०२२ पर्यंत जलद लोकल पारसिकच्या बोगद्यातून थेट ठाण्याकडे जात. धीमी गाडी डोंगराला वळसा घालून खाडीच्या अंगाने जाते, आणि अप्पांना, घाई नसली तर, हीच गाडी पसंत असे. प्रवासाचे एवढे वर्णन पुरे. सुट्टीच्या दिवशीच्या गर्दीबद्दल नवीन सांगण्यासारखे काही नाही.

घरी पोहोचल्यावर झाडलोट होईपर्यंत दुपार झाली. पलंगाखालची लोखंडी ट्रंक ओढून काढली, तेव्हा वर जुनी वीजबिले, रेशनकार्डाच्या प्रती आणि त्यांखाली फुलस्केप वह्यांचा गठ्ठा होता. अप्पा मूळचे राजापूर तालुक्यातले. १९७२ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ते ठाण्याला आले आणि वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले. कारखान्याचा क्रिकेटचा संघ होता. अप्पांना ना फलंदाजी येत होती ना गोलंदाजी, परंतु अक्षर सुवाच्य असल्यामुळे त्यांच्याकडे धावफलक लिहिण्याचे काम आले आणि ते त्यांनी निवृत्तीपर्यंत सोडले नाही. संघाची अधिकृत वही कारखान्यात राहत असे. ट्रंकेत होत्या त्या त्यांच्या स्वतःच्या वह्या, पट्टीने रेघा आखून तयार केलेल्या. त्यांत कारखान्याचे सामने होते, तसेच रविवारी, सुट्टीच्या दिवशी किंवा रजा टाकून पाहिलेले कांगा लीगचे (मुंबईतल्या क्लबांची पावसाळी स्पर्धा), टाइम्स शील्डचे (कंपन्या-कार्यालयांच्या संघांची स्पर्धा), रणजी करंडकाचे सामनेही होते.

लिहिण्याची पद्धत ठरलेली होती. गोलंदाज बदलला की शाईचा रंग बदलायचा. निर्धाव चेंडूला टिंब. सहाच्या सहा चेंडू निर्धाव गेले की ती टिंबे जोडून इंग्रजी ‘एम’ काढायचा, आणि त्या निर्धाव षटकात गडीही बाद झाला असेल तर तीच टिंबे ‘डब्ल्यू’च्या वळणाने जोडायची. ही पद्धत सर्वच स्कोअरर पाळतात. अप्पांचा स्वतःचा नियम एकच होता, तो म्हणजे जे डोळ्यांनी पाहिले तेच लिहायचे. त्यामुळे दूरचित्रवाणीवर पाहिलेला एकही सामना या वह्यांत नाही. २५ जून १९८३ चा विश्वचषकाचा अंतिम सामना नाही, २ एप्रिल २०११ चाही नाही. त्याआधीच्या काळात बाळ ज. पंडितांचे मराठी समालोचन रेडिओला कान लावून ऐकलेले असे, महाराष्ट्र टाइम्समधील वि. वि. करमरकरांचे क्रीडापान शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेले असे. पण त्यातले अक्षरही वहीत उतरत नसे. लेकीला प्रथम याची निराशा वाटली. तिला प्रसिद्ध सामने हवे होते आणि हाती लागले होते वागळे इस्टेटमधल्या दोन कारखान्यांचे मॅटिंगवरचे, म्हणजे चटई अंथरलेल्या खेळपट्टीवरचे, सामने.

मग तिच्या लक्षात आले की कित्येक पाने अर्धीच आहेत. डाव निम्म्यावर आलेला, फलंदाज खेळत असलेला, षटकातले चार चेंडू भरलेले, आणि पुढचे रकाने कोरे. जेथे नोंद थांबली तेथे एकच शब्द असे, ‘निघालो’, आणि बहुतेक ठिकाणी त्यापुढे वेळ. का निघालो, हे कोठेही लिहिलेले नव्हते. आईंनी चष्मा लावला, एका पानावरची तारीख पाहिली आणि कांदा चिरताना बोलावे इतक्या सहजपणे म्हणाल्या, “हे तुझ्या बाबाला गोवर आला होता तेव्हाचे.”

त्या रात्री जेवणे उशिरा झाली. आई पान पाहत होत्या आणि कारण सांगत होत्या. अप्पांच्या आईचे पडणे, शाळेत बोलावलेली पालकसभा, गावाहून येणाऱ्या चुलत्यांना स्थानकावर घ्यायला जाणे, अशी ती कारणे होती. माणसाने घरासाठी काय केले हे सांगणारी कागदपत्रे सहसा कोणाकडे नसतात. येथे ती मैदानावर लिहिली गेली होती, आणि तीही कोऱ्या रकान्यांनी.

शुक्रवार

सकाळी टीएमटीच्या बसने खाडीपूल ओलांडून कोर्टनाक्याला उतरलो. ठाण्याचा हा भाग जुना. पोर्तुगीजांच्या काळात उभारणी सुरू झालेला किल्ला १७३७ च्या मोहिमेत मराठ्यांनी घेतला, पुढे इंग्रजांकडे गेला आणि आज तेथे मध्यवर्ती कारागृह आहे. त्याच परिसरात सेंट्रल मैदान आहे. मैदानावर शाळकरी मुलांचा सराव चालू होता; पॅड बांधून ओळीत बसलेली मुले आणि झाडाखाली पिशव्या सांभाळणाऱ्या आया. अप्पा येथे साइटस्क्रीनच्या, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पांढऱ्या पडद्याच्या, बाजूला, गोलंदाजाच्या हाताच्या रेषेत बसत, कारण बाजूने पाहणाऱ्याला पायचीत समजत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. लेकीने वही उघडून १९७८ च्या एका सामन्याचे पान काढले आणि तेवढ्याच कोनात जाऊन बसली. तिच्याजवळ आलेल्या एका मुलाने पान पाहून विचारले की हे ॲपवर का नाही लिहीत. तिने त्याला टिंबे जोडून ‘एम’ कसा होतो ते दाखवले. त्याला ते आवडले असावे, कारण त्याने आणखी दोघांना बोलावले.

तेथून दादोजी कोंडदेव क्रीडाप्रेक्षागृह चालत गाठता येते. ठाणे महानगरपालिकेच्या या मैदानावर प्रथम श्रेणीचे सामने झालेले आहेत, आणि वानखेडेला जाऊन यायला लागणारा वेळ वाचून घराजवळ रणजीचा सामना पाहायला मिळणे ही अप्पांच्या दृष्टीने चैन होती. मात्र येथल्या पानांवर ‘निघालो’ हा शब्द इतर ठिकाणांपेक्षा अधिक आढळतो. नवऱ्याने त्याचा खुलासा केला. घर जवळ असल्यामुळे निरोप पोहोचत असे. निरोप नेणारा बहुतेक वेळा तोच होता. आठ-दहा वर्षांचा मुलगा गेटवर येऊन थांबे, अप्पा वही मिटून उठत, वाटेत त्याला उसाचा रस पाजत आणि “षटक संपेपर्यंत तरी थांबायचेस रे,” एवढेच म्हणत.

मासुंदा तलावाच्या काठाने गडकरी रंगायतनवरून पुढे जाऊन आम्ही मामलेदारची मिसळ खाल्ली. तिखटाबद्दल तिची जी ख्याती आहे ती खरी आहे. आईंनी मात्र मिसळीला हात लावला नाही. रविवारी सामन्याला जाताना अप्पा येथे खात आणि घरी येऊन पोटात जळजळते म्हणून ताक मागत, हे त्यांना आठवत होते आणि त्याचा राग अजून गेलेला नव्हता.

दुपारी रिक्षाने वागळे इस्टेटला गेलो. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ ची, आणि वागळे इस्टेट ही महामंडळाची सुरुवातीची वसाहत. अप्पा आले तेव्हा तीन पाळ्यांचे भोंगे वाजत आणि पाळी सुटली की रस्ता निळ्या गणवेशांनी भरून जात असे. आज त्या जागी बव्हंशी काचेच्या इमारती आहेत. अप्पांचा कारखाना बंद होऊन बरीच वर्षे झाली आणि ते ज्या मोकळ्या जागेत सामने खेळत तिचा पत्ता आम्हांला लागला नाही. आईंनी जेथे चाळ होती ती गल्ली तेवढी बरोबर दाखवली.

त्या गल्लीच्या तोंडाशी उभ्या असताना आईंनी सांगितलेली गोष्ट येथे नोंदवणे मला आवश्यक वाटते, कारण दिवंगत माणसाबद्दल लिहिताना त्याचा देव करण्याकडे हात वळतो. १९९५ मध्ये हे कुटुंब चाळीतून कळव्याच्या घरात राहायला गेले. टेम्पो ठरला होता, आणि त्याच दिवशी कारखान्यांच्या स्पर्धेचा अंतिम सामना होता. अप्पा दुपारपर्यंत येतो म्हणून गेले. आई, आठ वर्षांचा मुलगा आणि शेजारच्या दोन बायका यांनी कपाट, पलंग, भांडी आणि ही लोखंडी ट्रंकसुद्धा टेम्पोत चढवली. रात्री आठला अप्पा नव्या घराचा पत्ता शोधत आले. आम्ही वही काढून पाहिली. तो सामना शेवटच्या चेंडूपर्यंत लिहिलेला आहे, एकही रकाना कोरा नाही, खाली दोन्ही पंचांच्या सह्याही घेतलेल्या आहेत. “त्या दिवशी काही निघाले नाहीत,” आई म्हणाल्या. पुढे पंधरा दिवस त्या अप्पांशी बोलल्या नव्हत्या.

संध्याकाळी घरी परतल्यावर मी एक पान शोधले, ज्याच्याबद्दल अप्पांकडून पूर्वी ऐकले होते. सत्तरच्या दशकातला, पावसाळ्यातला कांगा लीगचा सामना. शाई पसरलेली, पण ‘शिवलकर’ हे नाव स्पष्ट. कांगा लीग १९४८ पासून भर पावसाळ्यात खेळली जाते, ओल्या खेळपट्टीवर चेंडू कसाही वळतो आणि उडतो, आणि अशा मैदानावर पद्माकर शिवलकर गोलंदाजीला आले की काय होत असे ते अप्पा हातवारे करून सांगत. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात शिवलकरांनी तमिळनाडूविरुद्ध पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ बळी घेतले. मुंबईचे ते सलग पंधरावे विजेतेपद होते. सामना मद्रासला झाला, म्हणून तो वहीत नाही. प्रथम श्रेणीत ५८९ बळी मिळवूनही शिवलकर एकही कसोटी खेळले नाहीत, कारण डावखुऱ्या फिरकीची भारतीय संघातील जागा बिशनसिंग बेदींची होती. ३ मार्च २०२५ रोजी शिवलकर गेले, तेव्हा अप्पा आजारी होते. त्यांनी वृत्तपत्र मागवून घेतले, बातमी वाचली आणि आकडे तपासले. एका ठिकाणी त्यांना शंका आली, तेव्हा मला फोन करून इंटरनेटवर पाहायला सांगितले. आकडा वृत्तपत्रात बरोबरच होता. “बरे झाले,” ते म्हणाले, “निदान आता तरी चुकवू नये.”

शनिवार

ठाणे स्थानकाच्या नऊ-दहा क्रमांकाच्या फलाटांवरून ट्रान्स-हार्बरची गाडी घेतली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी रेल्वे याच ठाण्यापर्यंत ३४ किलोमीटर धावली. शेजारच्या नव्या मुंबईला जायला मात्र ठाणेकरांना थेट लोकल मिळाली ती २००४ मध्ये. त्याआधी ठाण्याहून वाशीला रेल्वेने जायचे म्हणजे कुर्ल्याला जाऊन हार्बरची गाडी बदलावी लागे, अन्यथा बस. आता दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली करीत आम्ही अर्ध्या तासाच्या आत कोपरखैरण्याला होतो. आत्या तेथे राहतात.

आत्यांकडे जेवणाचे निमंत्रण होते, परंतु तेथे जाण्याचे खरे कारण एक पान होते. ७ मे १९९१, वानखेडे, रणजी करंडकाच्या अंतिम सामन्याचा शेवटचा दिवस. हरयाणाचे डाव ५२२ आणि २४२, मुंबईचा पहिला डाव ४१०, म्हणजे विजयासाठी ३५५ धावा हव्या होत्या. अप्पांनी रजा काढली होती. मुंबई ३ बाद ३४ येथे नोंद थांबते आणि पुढे तोच शब्द आहे, ‘निघालो’. त्यानंतर सचिन तेंडुलकरने ७५ चेंडूंत ९६ धावा केल्या, दिलीप वेंगसरकर १३९ धावांवर नाबाद राहिले, शेवटच्या जोडीने ४७ धावा जोडल्या, अबय कुरुविला धावबाद झाला आणि मुंबई ३५२ वर, म्हणजे दोन धावांनी हरली. वेंगसरकरांचे मैदानावरचे अश्रू मुंबईचे क्रिकेट पाहणाऱ्या पिढीला आजही आठवतात. मुंबईकर प्रेक्षकाने आयुष्यात एकच दिवस निवडून पाहावा असा तो दिवस, आणि अप्पा त्या दिवशी मैदानावर असूनही त्यांनी तो पाहिला नाही.

कारण त्याच संध्याकाळी धाकट्या बहिणीला, म्हणजे आत्यांना, पाहायला मंडळी येणार होती. वडील हयात नसल्यामुळे घरातले कर्ते अप्पाच होते. ते वेळेवर पोहोचले, कांदेपोहे झाले, बोलणी झाली आणि त्या वर्षी लग्नही झाले. आत्यांचे यजमान स्वतः क्रिकेटचे शौकीन, त्यांना ही हकिगत कळल्यापासून ते दर दिवाळीला अप्पांना म्हणत, “माझ्यामुळे तुमची मॅच गेली आणि तुमच्यामुळे माझी.” दोघांनाही दरवेळी तितकेच हसू येई, हे मी स्वतः पाहिले आहे.

या पानाबद्दल घरात दोन मते आहेत. माझ्या नवऱ्याचे म्हणणे असे, की ३ बाद ३४ म्हणजे सामना हातचा गेला असे समजूनच बाबा उठले. मुंबई जिंकण्याच्या मार्गावर असती तर ते थोडे रेंगाळले असते. आईंना हे मान्य नाही. आदल्या रात्रीच त्यांनी कोणती लोकल पकडायची ते ठरवले होते, असे त्या सांगतात. काकांनी, म्हणजे आत्यांच्या यजमानांनी, यात भर घालण्यासाठी नेटवरून त्या सामन्याचा संपूर्ण धावफलक छापून आणला होता आणि जेवणानंतर त्यांनी प्रस्ताव मांडला की लेकीने तिच्या चांगल्या अक्षरात अप्पांचे ते पान आता पुरे करावे. चौतीस वर्षे झाली, आता काय हरकत आहे. ते प्रेमाने म्हणाले होते. लेक आजीकडे पाहू लागली. आईंनी पान ओढून घेतले, वही मिटली आणि “त्यांनी पाहिलेले नाही,” एवढेच म्हणाल्या. काकांनी छापील कागद घडी करून वहीच्या मागच्या बाजूला ठेवू का, असे विचारले. त्याला परवानगी मिळाली.

चार वाजता नेरूळला पोहोचलो. डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये त्या दिवशी सामना नव्हता, त्यामुळे आम्ही ते बाहेरूनच पाहिले. महामार्गाच्या बाजूने त्याचा तो वाटोळा, वर छत झुकलेला आकार लांबूनही ओळखू येतो. २००८ मध्ये हे स्टेडियम सुरू झाले आणि त्याच वर्षी १ जूनला पहिल्या आयपीएलचा अंतिम सामना येथे झाला. राजस्थान रॉयल्सने चेन्नईला शेवटच्या चेंडूवर हरवले. नवऱ्याने मित्राकडून दोन तिकिटे मिळवून अप्पांना नेले होते. ते पान पूर्ण आहे, पण अक्षर ओळखू येत नाही. वीस षटकांच्या सामन्यात लिहायला उसंत मिळत नाही आणि गाण्याच्या आवाजात अंपायरची खूण चुकते, अशी त्यांची तक्रार होती. तिकिटाबद्दल मात्र त्यांनी मुलाचे कौतुक चाळीतल्या जुन्या शेजाऱ्यांपर्यंत पोहोचवले.

त्यांची शेवटची पानेही येथलीच आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये भारत आणि इंग्लंड यांच्या महिला संघांचा कसोटी सामना येथे झाला. १४ तारखेला, गुरुवारी, भारताने एका दिवसात ७ बाद ४१० धावा केल्या. लेक तेव्हा पाचवीत होती. सुट्टी लागल्यावर शुक्रवारी रात्री आम्ही तिला ठाण्याला आणले आणि शनिवारचा अख्खा दिवस तिला मैदानावर न्यायचे आजोबांनी कबूल केले होते. इकडे शुक्रवारी एका दिवसात १९ गडी बाद झाले. इंग्लंडचा पहिला डाव १३६ मध्ये आटोपला, दीप्ती शर्माने ७ धावांत ५ बळी घेतले, आणि शनिवारी काही शिल्लक राहते की नाही अशी अप्पांना चिंता लागली. भारताने ६ बाद १८६ वर डाव घोषित केला. शनिवारी सकाळी इंग्लंडचा संघ १३१ धावांत बाद झाला आणि भारताने ३४७ धावांनी सामना जिंकला. महिलांच्या कसोटीत धावांच्या फरकाने एवढा मोठा विजय पूर्वी कोणी मिळवलेला नव्हता. आजीने दिलेल्या थालीपिठांचा डबा उघडण्यापूर्वीच खेळ संपला होता.

त्या डावाची पहिली काही षटके अप्पांच्या अक्षरात आहेत. मग अक्षर मोठे होते, रेघेबाहेर जाते, टिंबे गोल आणि जाडजूड होतात. सर्व वह्यांतले दुसऱ्याने लिहिलेले हे एकमेव पान. एका ठिकाणी लेग-बाय, म्हणजे चेंडू पायाला लागून मिळालेली अवांतर धाव, फलंदाजाच्या नावावर मांडली गेली आहे. ती खोडून शेजारी अप्पांनी बारीक अक्षरात दुरुस्ती आणि आपली सही केली आहे. सामना लवकर संपला म्हणून त्यांनी नातीला तसेच घरी आणले नाही. नेरूळमधल्याच एका मोकळ्या मैदानावर मुलांचा टेनिस बॉलचा सामना चालू होता. तेथे बसून दोघांनी थालीपीठ खाल्ले आणि तो सामनाही पुढच्या पानावर उतरवला. त्याच्या शीर्षकात संघांची नावे ‘लाल टोपी’ आणि ‘बिनटोपी’ अशी आहेत.

२ नोव्हेंबर २०२५ रोजी याच मैदानावर भारताच्या महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. पावसामुळे सामना दोन तास उशिरा सुरू झाला होता. दीप्तीने पुन्हा पाच बळी घेतले आणि शेवटचा झेल हरमनप्रीतने मागे पळत जाऊन पकडला. आम्ही तो नाशिकला घरी टीव्हीवर पाहिला. लेक वही घेऊन बसली होती, पण लिहिले काहीच नाही. आजोबांचा नियम तिला ठाऊक होता. स्टेडियमच्या बाहेर उभी राहून ती मला म्हणाली की आजोबांना तिकीट मिळाले असते तर ते शेवटपर्यंत थांबले असते, कारण आता घरी बोलावणारे कोणी लहान नव्हते. मी तिला विरोध केला नाही.

आईंना पाम बीच रस्त्याच्या बाजूचे रोहित पक्षी पाहायचे होते. डिसेंबरात त्यांची संख्या थोडी असते. दूरवर फिकट रंगाचे काही ठिपके दिसले, त्यावर समाधान मानले. अप्पा इतक्यांदा नेरूळला आले, पण त्यांनी हे पक्षी पाहिल्याचे कोणाला आठवत नाही.

रात्री कळव्यात कबड्डीचे सामने होते आणि तेथे आम्हांला नवीनच आई दिसल्या. क्रिकेटच्या मैदानावर अप्पा गप्प असत, कारण हातात पेन असे. कबड्डीला ते उभे राहून घसा बसेपर्यंत ओरडत आणि काहीही लिहीत नसत. ते आम्हांला माहीत होते. आई स्वतः राजापूरला शाळेच्या संघातून डाव्या कोपऱ्यात खेळत, हे मात्र माझ्या लेकीला त्या रात्री प्रथमच कळले. चढाई करणारा खेळाडू निदान रेषा ओलांडून आत आला की आईंचा हात आपोआप नातीच्या मनगटावर घट्ट होई. समोर सहा किंवा अधिक गडी असतील तरच बोनस मिळतो, लोण चढला, म्हणजे समोरचा सगळा संघ बाद झाला, की दोन गुण वर, साखळी करताना मधल्याने आधी पाय टाकायचा नाही, असे त्या सांगत होत्या; आणि एका पकडीला त्यांनी “सोडू नको, कंबर धर!” असे इतक्या मोठ्याने सांगितले की पुढच्या रांगेतल्या मंडळींनी मागे वळून पाहिले. लग्नानंतर अप्पांनी त्यांना ठाण्यात सर्वप्रथम काय दाखवले असेल तर तो कबड्डीचा सामना होय, आणि तो त्या दोघांनी शेवटपर्यंत पाहिला होता.

रविवार

सकाळ आवरण्यात गेली. बॅट, पॅड आणि एक जुना स्टंपांचा संच खालच्या मुलांना दिला. वह्या कोणा संग्रहालयाला द्याव्यात असे नवऱ्याच्या मनात होते. पण जी पाने अर्धी आहेत त्यांचा अर्थ आईंखेरीज कोणाला लागणार नाही, म्हणून त्या नाशिकला न्यायच्या ठरल्या.

संध्याकाळी कल्याणहून पंचवटीत बसलो. लेकीने एक कोरी वही काढली आणि आजीला सांगितले की अप्पांच्या पानांना हात लावायचा नाही हे मान्य, पण निघण्याची कारणे वेगळ्या वहीत तारखेप्रमाणे उतरवायला हरकत नसावी. आईंनी ते मान्य केले. एकीने तारीख वाचायची, दुसरीने कारण सांगायचे, असे काम सुरू झाले. काही तारखांवर नवरा आणि आई यांचे एकमत होईना. एका पानाचे कारण त्याच्या मते कांजिण्या होत्या आणि आईंच्या मते पाहुणे. तेथे दोन्ही कारणे लिहिली गेली. कसारा मागे पडल्यावर १९८९ सालचे एक पान निघाले. चहापानापूर्वी नोंद थांबलेली, आणि ‘निघालो’पुढे वेळेऐवजी ‘राजापूर एसटी’ असे लिहिलेले. आई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी सांगितले की त्या आठवड्यात त्या रागावून, कोणाला न सांगता, मुलाला घेऊन माहेरी निघून गेल्या होत्या. लेकीने उत्साहाने पेन उचलले.

“ते लिहू नकोस,” आई म्हणाल्या. “तिथे ‘घरगुती काम’ असे लिही.”